प्रयोगशील शाळेतील सहावी ते आठवी : नव्या विभागप्रमुखांसाठी कामाचा क्रम

पहिली ते चौथीपर्यंत मूल मातीत हात घालत, प्रश्न विचारत शिकते आहे याचे पालकांना कौतुक असते. पाचवी संपत आली की त्याच पालकांच्या बोलण्यात शिष्यवृत्ती, फाउंडेशन आणि दहावी हे शब्द येऊ लागतात, आणि सहावीच्या पहिल्याच पालकसभेत कोणीतरी उभे राहून विचारते, "सर, हे सगळं छान आहे ओ, पण पोरगं पुढं टिकणार का?" ज्यांच्याकडे सहावी ते आठवीचा विभाग नव्याने आला आहे, त्यांनी या प्रश्नाला भाषणाने उत्तर देऊ नये. ते उत्तर वेळापत्रकातून, शिक्षकांच्या बैठकीतून, मुलांच्या वह्यांतून आणि नोंदींतून द्यावे लागते. पुढील विवेचनात कोल्हापुरातली राज्य मंडळाची, विनाअनुदानित, मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाची शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे. इतर मंडळांच्या शाळांत परीक्षेचे तपशील बदलतील, पण कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

एप्रिल : आपले अधिकार लिहून घ्यावेत

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक ही पदे ओळखते. 'विभागप्रमुख' हे पद बहुतेक संस्थांनी आपल्या सोयीने निर्माण केलेले असते, आणि म्हणून त्याच्या अधिकारांच्या कडा धूसर असतात. शिक्षकांची किरकोळ रजा कोण मंजूर करणार, बदली तास कोण लावणार, पालकाची तक्रार आधी कोणाकडे येणार, क्षेत्रभेटीच्या खर्चाला कोणाची सही लागणार, या चार गोष्टी मुख्याध्यापकांबरोबर बसून एका पानावर लिहून घ्याव्यात आणि ते पान संस्थाचालकांनाही दाखवावे. हे पान नसेल, तर ऑगस्टपर्यंत प्रत्येक पालक थेट संस्थेच्या कार्यालयात जाऊ लागतो.

दुसरी अडचण रचनेतच आहे. आपल्याकडे पाचवी ते दहावी एकत्र असलेली माध्यमिक शाळा रूढ आहे, शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हणतो, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याच तीन इयत्तांचा, ११ ते १४ वयाचा, स्वतंत्र टप्पा मानते. प्रत्यक्षात मात्र सातवीला गणित शिकवणारे शिक्षक दहावीलाही गणित शिकवत असतात आणि जानेवारीनंतर त्यांचे मन दहावीत असते. याचा दोष त्यांना देऊन उपयोग नाही. विभागातील निम्मे तरी शिक्षक प्रामुख्याने याच तीन इयत्तांचे असावेत, हा आग्रह एप्रिलमध्ये, तासिकांचे वाटप होण्यापूर्वी धरावा. जूनमध्ये धरला तर उशीर झालेला असतो.

मे : वेळापत्रक उलट्या क्रमाने करावे

वेळापत्रक करताना सहसा आधी विषयांच्या तासिका बसवल्या जातात आणि उरलेल्या फटींत बाकीचे काम कोंबले जाते. प्रयोगशील शाळेतला निम्मा प्रयोग याच ठिकाणी मरतो. आधी तीन गोष्टी बसवाव्यात: शिक्षकांची सामायिक बैठक, मार्गदर्शक गटाचा (एक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेली थोडी मुले) वेळ आणि जोडतासिका. विषय त्यानंतर.

यासाठी वेळ कोठून आणायचा, असे मुख्याध्यापक विचारतीलच, म्हणून हिशेब तयार ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी साडेचार तासांहून किंचित अधिक. अकरा ते साडेपाच शाळा असेल आणि पाऊण तासाची मधली सुट्टी, पंधरा मिनिटांची छोटी सुट्टी आणि वीस मिनिटांचा परिपाठ वजा केला, तर पाच तास दहा मिनिटे राहतात. शनिवारची सकाळची तीन तासांची शाळा धरूनही आठवड्याला साधारण दीड तास किमान मर्यादेच्या वर उरतो. मार्गदर्शक गटाच्या चाळीस मिनिटांच्या दोन बैठका त्यात आरामात बसतात. शिक्षकांची बैठक शनिवारी मुले घरी गेल्यावर ठेवावी. त्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत ते तयारीसह, त्यामुळे ही बैठक जादा काम नसून कामाचाच भाग आहे, हे जूनपूर्वी सर्वांना स्पष्ट सांगावे, आणि त्या बदल्यात इतर कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकांना थांबवू नये.

जोडतासिका म्हणजे सलग दोन तासिका, मिळून सत्तर ते ऐंशी मिनिटांच्या. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून किमान दोन मिळाव्यात. पस्तीस मिनिटांत विज्ञानाचा प्रयोग मांडून, फसवून, पुन्हा मांडता येत नाही. तो फळ्यावर 'सांगितला' जातो.

कोल्हापूरच्या वेळापत्रकात पावसाला वेगळी जागा ठेवावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे रोज सकाळी शहरात सर्वांच्या तोंडी असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतील आणि नदीकाठच्या गल्ल्यांतील मुलांची घरेच हलवली होती. म्हणून मोठा प्रकल्प, महत्त्वाची चाचणी किंवा पालकभेटी या दोन महिन्यांत ठेवू नयेत, आणि २२० दिवसांची बेरीज करताना सात-आठ दिवस हाताशी राखावेत. पूर ओसरल्यावर परतलेल्या मुलाकडे वही-पुस्तक नसेल हे गृहीत धरून, विभागाकडे पुस्तकांचे काही संच तयार असावेत.

जून : प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस

चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. सहावीत आठ शिक्षक येऊन जातात आणि मूल नेमके त्याच वयात सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही, असे होते. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, मैत्रिणी बदलतात, घरात उलट उत्तरे सुरू होतात. आणि शाळेत या सगळ्याची बित्तंबातमी ठेवणारे कोणी नसते. यावर उपाय म्हणजे मार्गदर्शक गट: बारा ते पंधरा मुले आणि एक शिक्षक. हे गट करताना क्रीडाशिक्षक, चित्रकलेच्या बाई आणि ग्रंथपाल यांनाही गट द्यावेत. अनेकदा मुले त्यांच्याशीच अधिक मोकळी असतात, आणि गटसंख्या वाढल्याने प्रत्येक गट लहान राहतो.

या चाळीस मिनिटांत प्रवचन नको. एका बैठकीत आठवड्याच्या वह्या चाळाव्यात, राहिलेले काम पाहावे आणि उरलेल्या वेळात एखाद्या मुलाशी बाजूला बसून पाच मिनिटे बोलावे, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. दुसरी बैठक गोल बसून गप्पांची. विषय मुलांनी सुचवावेत. मोसमात पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस या फुटबॉल संघांचा सामना झाला असेल, तर कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी दुसरा विषय निघणारच नाही. निघू द्यावा, आणि पेठेपेठेची ईर्ष्या वर्गातल्या एखाद्या मुलाला एकटे पाडण्यापर्यंत जाते आहे का, तेवढे मात्र कान देऊन ऐकावे. मार्गदर्शक शिक्षकाने प्रत्येक मुलाचे एक पान ठेवावे. त्यात गुण नकोत. घरी कोण असते, कशात रमते, कशाने गप्प होते, कोणाशी बोलणे थांबले आहे, एवढे पुरे.

पाळी आणि वयात येण्याविषयीचे बोलणे सहावीच्या पहिल्या सत्रातच व्हावे, मुलगे आणि मुली दोघांशी व्हावे, आणि त्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि कचऱ्याची झाकणाची पेटी आहे याची विभागप्रमुखांनी स्वतः खात्री करावी.

शनिवारच्या शिक्षक-बैठकीचा एकच नियम पुरेसा आहे: आधी मुलांविषयी, मग कार्यक्रमांविषयी. एरवी गॅदरिंगच्या तयारीत सगळा तास जातो. दर शनिवारी एका वर्गातील पाच-सहा मुले घ्यावीत, त्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने काय दिसले ते सांगावे, आणि शेवटी कोण काय करणार हे नावासह लिहावे. इंग्रजीत गप्प असणारी मुलगी विज्ञानाच्या जोडतासिकेत गट चालवते, हे इंग्रजीच्या शिक्षकांना या बैठकीशिवाय कळण्याचा मार्ग नसतो.

वर्गात जाऊन बसणे

आठवड्याला किमान चार वर्गांत वीस-वीस मिनिटे जाऊन बसावे. मागच्या बाकावर बसावे, पाठाच्या तयारीची टाचणवही मागू नये, फोन बाहेर ठेवावा. शिक्षकाकडे पाहण्याऐवजी एखाद्या मुलाच्या वहीकडे पाहावे: शिक्षक जे शिकवत आहेत त्यातले तिथे काय उमटते आहे? त्याच दिवशी, शक्यतो मधल्या सुट्टीत, शिक्षकाला दोनच गोष्टी सांगाव्यात, एक चांगली दिसलेली आणि एक प्रश्न. "आज कोणते मूल एकदाही बोलले नाही?" हा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. हे शेरे सेवापुस्तकाच्या वाटेने जाणार नाहीत, याची खात्री पटेपर्यंत शिक्षक तुमच्या समोर ठेवणीतला धडाच घेतील. त्याला दोन-तीन महिने लागतात, लागू द्यावेत.

पारंपरिक शाळेतून आलेल्या अनुभवी शिक्षकांविषयी एक सांगणे आवश्यक वाटते. प्रयोगशील शाळांत त्यांच्याकडे जरा वरून पाहण्याची खोड असते. शुद्धलेखन, पाढे, आकृत्यांची नावे देणे या गोष्टी त्यांच्याकडून नव्या शिक्षकांनी शिकाव्यात अशी जोडी लावून दिली, तर दोघांचेही भले होते, आणि "पाया कच्चा राहतो" या पालकांच्या तक्रारीतले तथ्यही कमी होते. त्या तक्रारीत तथ्य असते, हे मान्य करायला हवे.

मूल्यमापन : शासन निर्णय आपल्या बाजूचा आहे

नव्या विभागप्रमुखांना बरेचदा वाटते की नियम परीक्षेच्या बाजूने आहेत आणि प्रयोगशीलता ही नियमांतून काढलेली पळवाट आहे. कागद वाचल्यावर चित्र वेगळे दिसते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (शिकता-शिकता वर्षभर होणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापनाचे प्रमाण सहावीला ५०-५० आणि सातवी-आठवीला ४०-६० ठेवले, आणि आकारिक भागासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने दिली. 'इतर'मध्ये स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही येते. बहुतेक शाळांत ही साधने मार्चमध्ये एका रात्रीत भरलेल्या रकान्यांपुरती उरली, ही वेगळी गोष्ट. आपल्या शाळेत जे काम खरोखर होते, ते या रकान्यांत प्रामाणिकपणे लिहिता येते, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर याहून भक्कम दुसरे काही नसते.

आठवीच्या बाबतीत मात्र नियम बदलले आहेत. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात न टिकलेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही न टिकल्यास ते त्याच इयत्तेत राहते. तेव्हा आठवीच्या मुलांना वेळ लावून पेपर सोडवण्याची सवय डिसेंबरपासून सरळ, न लाजता द्यावी. पोहायला शिकवणाऱ्याने रंकाळ्याच्या काठावर बसून पाण्याचे वर्णन करू नये, तसेच हे आहे.

वर्णनात्मक नोंदींवर सर्वाधिक वेळ द्यावा. "अभ्यासात प्रगती आवश्यक" ही नोंद कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणून ती कोणाचीच नाही. त्याऐवजी "समच्छेद अपूर्णांकांची बेरीज अचूक करते, भिन्नच्छेद असताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते" असे लिहिले, तर पुढच्या शिक्षकाला काय करायचे ते कळते आणि आईलाही कळते. पहिल्या सत्रात प्रत्येक शिक्षकाच्या दहा नोंदी विभागप्रमुखांनी वाचाव्यात आणि मोघम असतील त्या परत पाठवाव्यात. याशिवाय जून, डिसेंबर आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचे एक मराठी लेखन, एक इंग्रजी परिच्छेद आणि गणिताची चार उदाहरणे तारखेसह जपून ठेवावीत. ही तीन पाने शेजारी ठेवली, की "टिकणार का" या प्रश्नावर बोलायला पुरावा मिळतो.

पालक आणि शिष्यवृत्ती

पालकभेट मूल, पालक आणि मार्गदर्शक शिक्षक अशा तिघांची असावी. पहिली पाच मिनिटे मुलाने आपले काम दाखवावे. एका गटाची पंधरा मुले आणि प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली, तर पावणेचार तास लागतात, म्हणजे दिवाळीनंतरचा एक शनिवार. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या, दूध-शेती सांभाळणाऱ्या पालकांना वेळ निवडू द्यावी. आले नाहीत म्हणजे आस्था नाही, असे समजू नये.

शिष्यवृत्ती परीक्षेला कोल्हापुरात मान आहे आणि गावोगावच्या शिक्षकांनी तिच्यासाठी खपून नाव कमावले आहे, त्यामुळे तिची टिंगल करणारी प्रयोगशील शाळा पालक गमावते. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, नंतर पाचवी-आठवीला गेली. कोणत्या इयत्तेला बसवायचे ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे त्या वर्षीचे परिपत्रक पाहून ठरवावे. ज्या मुलांना बसायचे आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून एक तास शाळेतच द्यावा, कोणावरही सक्ती करू नये, आणि निकालाचा फलक प्रवेशद्वारावर लावू नये. आठवीच्या एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या केंद्राच्या) शिष्यवृत्तीला विनाअनुदानित शाळेतील मुले पात्र नसतात. हे पालकांना वेळेत सांगितले, तर पुढचा मनस्ताप वाचतो. शाळेतल्याच शिक्षकाची शिकवणी लावण्याची विनंती आली, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ दाखवून नम्रपणे नाही म्हणावे.

शुल्काच्या प्रश्नांत विभागप्रमुखांनी पडू नये. त्यासाठी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते.

दप्तराविना दिवस : एकच जागा, तीन भेटी

राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे सुचवले आहे. बस काढून एका दिवसात पन्हाळा, टाउन हॉल संग्रहालय आणि न्यू पॅलेस उरकण्याचा मोह टाळावा. एकच जागा निवडून तिथे तीनदा जावे. शाहूपुरीची कुंभार गल्ली, उद्यमनगरातले फाउंड्रीचे कारखाने, हुपरीचे चांदीकाम, चपला बांधणाऱ्यांची घरे, असे पर्याय कोल्हापुरात हवे तेवढे आहेत.

सातवीसाठी थंडीतले गुऱ्हाळ उत्तम. पहिल्या भेटीत मुलांनी फक्त पाहावे आणि प्रश्न लिहावेत: चुलवाणात चिपाडच का घालतात, मळी कधी काढतात, रसात भेंडीच्या झाडाचे पाणी कशाला? वर्गात परतल्यावर प्रश्नांची वाटणी करावी. दुसऱ्या भेटीत मोजमाप: काहिलीत किती रस गेला, किती वेळ आटवला, किती गूळ निघाला. त्यातून शेकडेवारी, बाष्पीभवन, तापमान हे घटक आपोआप येतात आणि गणित व विज्ञानाच्या शिक्षकांना एकत्र नियोजन करावेच लागते. तिसरी भेट शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याला: भाव कसा ठरतो, अडत कोण घेतो, शेतकऱ्याच्या हातात काय उरते. गुळव्याला एकदा शाळेत बोलावून मुलांसमोर बोलते करावे, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी बुडते ती शाळेने द्यावी. उकळत्या काहिलीपासून अंतर ठेवण्याची रेषा आधी स्वतः जाऊन आखावी. तीस मुलांमागे किमान तीन मोठी माणसे हवीत. मुलांचे अहवाल सारखे आले तर समजावे की ते फळ्यावरून उतरवले आहेत.

शिस्त आणि सुरक्षितता

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. वर्गाबाहेर उभे करणे आणि सर्वांसमोर जातीवरून, फीवरून, दिसण्यावरून बोलणे हेही त्यातच येते, असे शिक्षकांना जूनमध्ये स्पष्ट सांगावे. मुलांच्या भांडणात दोघांना वेगवेगळे ऐकावे, लिहून घ्यावे, मग एकत्र बसवावे.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र काहीही 'एकत्र बसवायचे' नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्यात अधिक शिक्षा आहे. आधी अंतर्गत चौकशी, मग संस्थेची बैठक, मग निर्णय, हा क्रम कायद्याला मान्य नाही. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, नाव कोठेही फुटू देऊ नये. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर न राहता सत्रातून एकदा तरी खरोखर भरावी.

फेब्रुवारी-मार्च : पुढच्यांच्या हाती देणे

पाचवीच्या वर्गशिक्षकांकडून प्रत्येक मुलाचे एक पान फेब्रुवारीतच घ्यावे आणि पाचवीच्या मुलांना सहावीच्या वर्गात एक सकाळ घालवू द्यावी. आठवीच्या मुलांची पाने तशीच नववीच्या शिक्षकांच्या हाती द्यावीत. ती वाचली जातात का, हे पाहण्यासाठी बरोबर बसून अर्धा तास बोलावे.

एक काम बहुतेक शाळांत निसटते. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर पहिलीत आलेल्या मुलांचे मोफत शिक्षण आठवीअखेर संपते. नववीची फी परवडणार नाही हे पालकांना ठाऊक असते, पण ते बोलत नाहीत. मार्चमध्ये दाखला मागायला येतात तेव्हा शाळेला कळते. १९१७ मध्ये ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्या शहरात हे घडू नये. या कुटुंबांशी बोलणे मूल सातवीत असतानाच सुरू करावे. नववी-दहावीची सवलत किती मुलांना देता येईल याचा आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकापूर्वी, म्हणजे डिसेंबरमध्ये, लेखी मागावा. सवलत मिळणार नसेल तर जवळच्या अनुदानित शाळेतील प्रवेशासाठी मुख्याध्यापकांनी स्वतः तेथील मुख्याध्यापकांना भेटावे, आणि जातीचा दाखला, आधार, प्रगतिपत्रके ही कागदपत्रे आठवीच्या दिवाळीपर्यंत पूर्ण करून घ्यावीत.